मार्फतचा वैरी

लग्नसराईत आमच्या घरमालकांकडे पत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. लग्न दुसऱ्याच्याच घरचं असतं. पण यांची सारी नोकरी टपालखात्यात गेलेली, अक्षर टपोरं, आणि केळापूर तालुक्यातलं कोणतं खेडं कोणत्या पोस्टाखाली येतं ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. म्हणून लोक पाकिटांवर पत्ते घालून घ्यायला येतात. पैसे घेत नाहीत. अट एकच. यादीत कुणाच्या नावाखाली ‘मार्फत’ असेल तर ते पाकीट कोरंच परत मिळतं. “ज्याले जेवाले बोलावून राह्यले त्याचं घर तुमाले माहीत नाई? पयले घर पाहून या, मंग पत्रिका घेऊन या.”

गाव त्यांना पोस्टमास्तर म्हणतं. हुद्दा त्याहून खालचा होता, पण पांढरकवड्यात निवृत्तीनंतरची एक बढती गावच देऊन टाकतं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. भाड्यात पाणी, गाडी लावायला जागा आणि इंटरनेट धरलेलं आहे. पहिल्या दोहोंबद्दल माझी काही तक्रार नाही.

मार्फतशी मास्तरांचं वैर जुनं आहे. उमेदीत पोस्टमन होते तेव्हा त्यांच्या बीटात कोलामांचे पोड यायचे. पोडावरच्या माणसाची मनीऑर्डर आली की पत्ता असायचा ‘मार्फत अमुक किराणा दुकान’. दुकानदार अंगठा उठवून घ्यायचा, उधारी कापायचा आणि उरलंच तर द्यायचा. चिठ्ठी आली तर तीही आधी तोच वाचायचा. मास्तर मग सायकल दामटत थेट पोडापर्यंत जायचे आणि ज्याचे पैसे त्याच्या हातावर मोजून यायचे. त्यापायी दुकानदाराशी झालेलं भांडण सांगताना त्यांचा आवाज अजूनही रस्त्यापर्यंत जातो.

त्यांच्या बैठकीत दोन तसबिरी आहेत. एक शेगावचे गजानन महाराज, दुसरे श्रीराम भिकाजी वेलणकर. दुसरे कोण, असं पाहुण्यानं विचारलं की त्याची संध्याकाळ गेली. वेलणकर कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि टपालखात्यातले मोठे अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड सुरू झाला तो त्यांच्या डोक्यातून निघालेला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाटणीच्या जिल्ह्याचा आणि शेवटच्या तिनांत नेमकं पोस्ट. ४४५३०२ एवढं लिहिलं की पत्र इथं येणार. मग वर केळापूर लिहा नाहीतर पांढरकवडा. आणि हे आधी अडायचं बरं का! तालुक्याचं नाव केळापूर. ते जगदंबेच्या देवळाचं शेजारचं गाव. तहसील, कोर्ट, बाजार सगळं पांढरकवड्यात. सातबारावर एक नाव आणि एसटीच्या पाटीवर दुसरं. मास्तर म्हणतात, छाटणीला नवा आलेला बाबू या दोन नावांपायी महिनाभर रडायचा.

असा माणूस निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी वाचत बसला असता तर माझं वायफाय आज चालू असतं. पण दिवाळीत हैदराबादहून भाचा आला. घरात नुकतंच फायबर घेतलेलं. मास्तरांनी सहज विचारलं, “काय रे, आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता काय?” भाच्यानं लॅपटॉपवर पाहिलं. पत्ता १००.६४ नं सुरू होत होता. “मामा, हा पत्ता तुमचा नाही. म्हणजे तुम्हालाच दिलाय, पण बाहेर कोणी याला ओळखत नाही. कंपन्यांनी आतल्या आत वापरावेत म्हणून हे आकडे २०१२ साली वेगळे काढून ठेवलेत.”

मग त्यानं सगळी कथा सांगितली. आज आपण वापरतो ती पत्त्यांची जुनी पद्धत, आवृत्ती चार, १९८१ सालची. तिच्यात सगळे मिळून पत्ते साधारण ४२९ कोटी. तेव्हा ते कुणाला संपतील असं वाटलं नव्हतं. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मुख्य कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे पाच खंडांच्या संस्थांना वाटून झाले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या आशियाच्या संस्थेचा साठाही तळाला गेला. तेव्हापासून जुगाड चालू आहे. घरातले सहा फोन एका पत्त्यामागं लपवायचे, आणि अशी शेकडो घरं कंपनीच्या एका पत्त्यामागं.

“म्हणजे घर कंपनीच्या मार्फत आणि फोन घराच्या मार्फत?” मास्तरांनी विचारलं.

भाचा हसला. “हो, मामा. डबल मार्फत.” आणि हसण्याच्या भरात पुढचंही बोलून गेला, की नव्या पद्धतीत, आवृत्ती सहामध्ये, ही भानगडच नाही, प्रत्येक यंत्राला आपापला पत्ता. भाऊबीज झाली, भाचा हैदराबादला गेला. मास्तरांना मात्र झोप राहिली नाही.

बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून त्यांनी जुना कॉम्प्युटर उचलला. दुसरं लॅन कार्ड नागपूरला सीताबर्डीवर शोधून आणलं. राउटर करायचा म्हणजे यंत्राला दोन तोंडं लागतात, एक कंपनीकडे आणि एक घराकडे. खरं तर कंपनीनं दिलेली डबी हेच काम करते. पण तिची कुलपं कंपनीकडे, आणि दुसऱ्याच्या कुलपाची पेटी मास्तर घरात ठेवून घेत नाहीत. काकूंच्या शिलाई मशीनवर कॉम्प्युटर बसला. शिलाई मशीन कुठं गेलं हे विचारायची तेव्हा सोय नव्हती. लिनक्स टाकलं, भाच्याला व्हिडिओ कॉल लावला, आणि पत्र्याचं झाकण जे काढलं ते परत बसवलंच नाही, कारण रोज काहीतरी पाहायचं असायचं. मे महिन्यात पांढरकवड्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. कूलरचं तोंड त्या महिन्यात शिलाई मशीनकडे होतं आणि काकू-मास्तर दोघं ओला पंचा डोक्यावर घेऊन बाजूला बसलेले मी पाहिले आहेत.

पहिला घोटाळा फार गमतीचा झाला. यंत्राला राउटर करायचं म्हणजे एका सेटिंगपुढचा शून्य खोडून एक लिहायचा: एका तोंडातून आलेलं पाकीट दुसऱ्या तोंडानं पुढं पाठव, एवढाच त्याचा अर्थ. मास्तरांनी एक लिहिला आणि कॉम्प्युटरचं स्वतःचंच नेट काही वेळानं गेलं. दोन दिवस वायरी हलवून झाल्या. शेवटी भाच्यानं उलगडा केला. साधं यंत्र कंपनीच्या राउटरचं ऐकून आपला पत्ता ठरवतं. पण लिनक्सचा नियम असा, की यंत्र स्वतः राउटर झालं की ते दुसऱ्या राउटरचं ऐकणं बंद करतं. त्याला वेगळं सांगावं लागतं की बाबा, तू राउटर झालास तरी वरच्याचं ऐक. त्यासाठी ऐकण्याच्या सेटिंगपुढं एक नव्हे, दोन लिहायचा.

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “हे दोन मानसाले बी लिवता येते का?”

दोन लिहिला आणि नेट आलं. कंपनीकडून पत्त्यांचा गठ्ठाही आला, आणि माझे हाल सुरू झाले ते नेमके इथून.

आवृत्ती सहाचा पत्ता १२८ बिटांचा. त्यातले पहिले ६४ बिट सांगतात कोणतं जाळं. उरलेले ६४ सांगतात त्या जाळ्यातलं कोणतं यंत्र. हा मागचा अर्धा भाग यंत्रं आपला आपण ठरवतात, आणि त्यासाठी त्यांना सगळेच्या सगळे ६४ लागतात; त्रेसष्ट देऊन भागत नाही. कंपनीनं मास्तरांना दिला एक गठ्ठा, तांत्रिक बोलीत ‘स्लॅश चौसष्ट’. त्यात पत्ते किती? भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांची नावं परार्धापर्यंत जातात. एकावर सतरा शून्यं म्हणजे परार्ध. मास्तरांच्या गठ्ठ्यात असे एकशे चौऱ्याऐंशी परार्ध पत्ते आले. घरात फोन चार, एक टीव्ही आणि भाच्यानं सोडून गेलेला लॅपटॉप.

मास्तर नाराज झाले. म्हणाले, “एकच देला.”

“एकच काय, मास्तर? परार्ध आहेत!”

“जाळं एकच ना, बाप्पा. खाली आमी, वर तुमी. दोन बिऱ्हाडं. दोन गठ्ठे पायजेत.”

मी म्हटलं, मला तुमच्यातच घ्या, माझी काही हरकत नाही. यावर त्यांनी चष्मा काढला. “भाडं देता तुमी. मंग माया मार्फत काहून राहान?”

तत्त्वाचा प्रश्न झाला की पांढरकवड्यात वेळेला किंमत राहत नाही. जुन्या पद्धतीचं नेट तरी वर सोडा, म्हटलं, तर तेही मार्फतचंच. ते भाडेकरूला देणं त्यांच्या लेखी पाप. भाच्यानं एक तोड सुचवली होती: खालच्या कॉम्प्युटरवर एक प्रॉक्सी बसवायची. वरच्या फोनसाठी कुणी विचारणा केली की कॉम्प्युटर म्हणणार, हो हो, इथंच राहतो, द्या माझ्याकडे. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हाच तो किराणा दुकानदार.” विषय संपला. मी मोबाइलचा पॅक वाढवून घेतला.

मग कंपनीला फोन सुरू झाले. मास्तरांना छप्पन्नचा गठ्ठा हवा होता. त्यात चौसष्टचे २५६ गठ्ठे निघतात. (इथं आकडा लहान झाला की माल वाढतो. हे मला पटायला वेळ लागला; मास्तरांना लगेच पटलं, कारण पिनकोडाचे पहिले तीनच आकडे लिहिले तर सगळा जिल्हा हाताखाली येतो.) फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळं मला जिन्यातून ऐकू यायचं.

“सर, तुमचं नेट बंद आहे का?”

“चालू आहे.”

“स्लो आहे का?”

“नाई. फास्ट आहे.”

“मग तक्रार काय आहे, सर?”

“पत्ते कमी पडून राह्यले.”

“पत्ता बदलायचा आहे का, सर? त्यासाठी आधार कार्ड आणि लाइट बिल लागेल.”

अर्ध्या तासानं तक्रार नोंदली जायची आणि संध्याकाळी मेसेज यायचा: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. मास्तर ती दुसऱ्या दिवशी परत उघडायचे. टपालखात्यात ज्यानं जन्म काढला त्याला फाइल बंद झाल्याचं भय दाखवता येत नाही.

मधल्या काळात ज्ञान वाढत होतं. या पद्धतीत यंत्र पत्ता घेण्याआधी जाळ्यावर हाक देऊन विचारतं, की हा पत्ता कुणाचा आहे का? कुणी ओ दिली नाही तरच घेतं. मास्तरांना हे फार आवडलं. “तहसीलमधी असं असतं तर निम्म्या केसी लागल्या नसत्या.” पण फोन आणि लॅपटॉप हे मुद्दाम तात्पुरते पत्ते घेतात, रोजच्या रोज नवा, म्हणजे बाहेरच्यांना माग लागू नये, हे कळलं तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. रात्री जिन्यात मला अडवून म्हणाले, “रोज पत्ता बदलते! काहून? कोनाचं देनं आहे का याचं?” त्यांनी सगळ्यांच्या फोनांत शिरून ते बंद करायचा प्रयत्न केला. काकूंनी फोन पदराखाली धरला.

काकूंची शंका दुसरी होती. मार्फत नाही म्हणजे जगातला कोणीही थेट आपल्या टीव्हीपर्यंत येणार? शंका रास्त होती आणि तिचं उत्तर मास्तरांकडे तयार नव्हतं, म्हणून ते रागावले. तीन दिवसांनी त्यांनी मुकाट फायरवॉल बसवली: आतून कुणी बोलावलं असेल त्यालाच आत घ्यायचं, बाकीच्यांना दारातून वाटेला लावायचं. काकू म्हणाल्या, हे तर मी रोजच करते.

एकदा त्यांनी जुनी पद्धत खालच्या मजल्यावरूनही पुरती काढून टाकली. नवा पत्ता, नवं राज्य. यूट्यूब चाललं, गूगल चाललं. मात्र काकूंचं गॅसबुकिंगचं पान उघडेना, आणि मास्तरांच्या ओळखीची बरीचशी पानंही उघडेनात, कारण त्या मंडळींनी अजून नवा पत्ता घेतलेलाच नाही. या दोन पद्धती एकमेकींशी थेट बोलत नाहीत. मध्ये दुभाष्या तरी लागतो, नाहीतर प्रत्येकानं दोन्ही पत्ते बाळगायचे. सिलिंडर संपायला आला होता. मास्तरांनी माघार घेतली, पण माघारीलाही शास्त्र शोधलं: “केळापूर बी असू द्या, पांढरकवडा बी असू द्या. पत्र आल्याशी मतलब.” संध्याकाळी दोन्ही पद्धती सुरू झाल्या. खाली. वर नाही.

बसस्टँडसमोरच्या चहावाल्याकडे या विषयावर नियमित सभा भरायची. कुणीतरी नेमकं विचारलं, “चारनंतर सहा? पाचवा कुठी गेला?” सगळ्यांना वाटलं मास्तर सापडले. पण ते तयारीत होते. पाच हा आकडा एका प्रायोगिक पद्धतीनं आधीच घेऊन ठेवला होता, आवाज-बिवाज वाहून नेण्यासाठी. ती काही चालली नाही, आकडा मात्र अडकला. म्हणून नव्या पद्धतीला सहा. डिसेंबर १९९५ मध्ये तिची पहिली अधिकृत नियमावली निघाली. “म्हणजे तीस वर्सं झाली?” एका ट्रकवाल्यानं हिशोब केला. “आन् तुमी आता लावून राह्यले?” तो नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचा माणूस. त्या रस्त्याचा आकडा सातचा चव्वेचाळीस झाल्याला कितीतरी वर्षं लोटली आणि तो अजून सात नंबरच म्हणतो. त्यामुळं बोलायचा त्याला काही अधिकार नव्हता. मास्तरांनी ते तिथल्या तिथं सुनावलं.

खरा घाव पानठेल्यावर बसला. ठेल्यावरचा पोट्टा पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घेऊन पाटावर खर्रा घोटत होता. एका हातानं घोटणं आणि दुसऱ्या हातानं व्हिडिओ सरकवणं चालू. मास्तरांनी आपल्या फोनवरून घरच्या पत्त्याची तपासणी करायचं एक पान उघडलं होतं. पोट्ट्यानं कुतूहलानं तेच पान आपल्या फोनवर उघडलं. दहापैकी दहा. आवृत्ती सहाचा अस्सल पत्ता, २४०९ नं सुरू होणारा.

मास्तरांनी फोन हातात घेऊन उलटा करून पाहिला, मागं काही चिकटवलंय का ते.

त्याचं असं आहे, की ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाली तेव्हा तिच्या फोरजीच्या जाळ्यात नवी पद्धत पहिल्यापासूनच होती. जुने पत्ते शिल्लकच नव्हते तर करणार काय! मग बाकीच्यांनाही यावं लागलं, आणि ही पद्धत वापरण्यात भारत जगात पुढच्या रांगेत जाऊन बसला. पन्नीत खर्रा घोटणारं सगळं गाव कितीतरी वर्षं आवृत्ती सहावर होतं आणि कुणालाही पत्ता नव्हता. मी स्वतः, मास्तरांच्या तत्त्वापायी मोबाइलचा पॅक मारून, वरच्या मजल्यावर तेच वापरत होतो. याहून जास्त लागलं ते पुढचं: मोबाइलचं जाळं दर फोनला पुरा चौसष्टचा गठ्ठा देतं. पोट्ट्याच्या खिशात एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, जेवढे मास्तरांना रोज फोन करूनही एका घराला मिळाले तेवढेच. आणि त्यानं हॉटस्पॉटचं बटण दाबलं की तोच फोन त्या गठ्ठ्यातून शेजारच्या लॅपटॉपला पत्ता देतो. म्हणजे राउटरच. एका बोटानं.

“तुले माहीत आहे का बे, तू काय आहेस?”

पोट्टा घाबरला. “काय झालं, काका? याच्यानं पैसे कटते का?”

दुसरा कोणी असता तर घरी जाऊन कॉम्प्युटर भंगारात दिला असता. मास्तर बाकड्यावर बसले आणि त्याला पहिल्यापासून शिकवायला लागले. फॉरवर्डिंग, शून्याचा एक, एकाचा दोन. गिऱ्हाइकं खोळंबली. “खर्रा दे ना बे” असा गलका झाला तेव्हा मास्तरांनी गिऱ्हाइकांचेही फोन मागून घेतले आणि प्रत्येकाचा पत्ता वहीत उतरवला, नाव, गाव, गठ्ठा. आता ते रोज संध्याकाळी वही घेऊन तिथं असतात. फोन बंद-चालू झाला की गठ्ठा बदलतो, म्हणून नोंद ताजी ठेवावी लागते. निवृत्तीनंतर त्यांना पुन्हा बीट मिळालं आहे, असं काकू म्हणतात. कूलरचं तोंडही परत माणसांकडे वळलं आहे. छप्पन्नची तक्रार चालूच आहे.

परवा पोट्टा म्हणाला, “काका, आज लिवू नका. वैधता संपली.”

“म्हणजे पत्ता?”

“गेला ना.”

“सगळे? एकशे चौऱ्याऐंशी परार्ध?”

पोट्ट्यानं घोटता घोटता मान हलवली. मास्तरांनी काही क्षण वहीकडे पाहिलं, मग पाकीट काढलं आणि त्याला अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज मारून दिला.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर आणखी तिघांची वैधता संपलेली होती.